विदर्भाचा संघ, गोंदियाचा वाटा

विदर्भाने रणजी करंडक तीनदा जिंकला आणि जल्लोष आपणही केला. पण एखाद्या शहराचा किंवा भागाचा संघ नेमका कुणाचा असतो? राजाचा, मालकाचा, संघटनेचा की लोकांचा? याचं उत्तर शोधायला गेलं की गोंदियातल्या खेळणाऱ्या पोरापोरींनी पुढं काय मागायचं, तेही सापडतं.

विदर्भ एक्स्प्रेस कुठून सुटते? गोंदियाहून. मुंबईला जाणाऱ्या या गाडीच्या नावात विदर्भ आहे आणि तिचं पहिलं स्टेशन आपलं आहे. विदर्भाच्या क्रिकेट संघाचं पहिलं स्टेशन मात्र नागपूर. तो तिथून देशभर जातो. गोंदियाकडे किती वळतो, हा आजचा प्रश्न.

आधी आनंदाची गोष्ट. २ मार्च २०२५ ला नागपूरजवळच्या जामठ्यात केरळविरुद्धचा रणजीचा अंतिम सामना अनिर्णित राहिला. पहिल्या डावात विदर्भाच्या ३७९ धावा, केरळच्या ३४२. या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक विदर्भाकडे आला, तोही तिसऱ्यांदा. दानिश मालेवारने पहिल्या डावात १५३ धावा काढल्या, करुण नायरने दुसऱ्या डावात शतक ठोकलं. डावखुरा फिरकीपटू हर्ष दुबेने त्या मोसमात ६९ बळी घेतले. रणजीच्या एका मोसमात इतके बळी तोवर कुणीच घेतले नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शेष भारताला ९३ धावांनी हरवून विदर्भाने इराणी करंडकही जिंकला.

तुमच्यापैकी कित्येकांनी तेव्हा ‘आपला विदर्भ’ म्हणून स्टेटस ठेवलं असेल. ठेवायलाच हवं होतं. पण त्या ‘आपला’ शब्दाकडे जरा थांबून बघू. आमगाव, सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव इथल्या पोरासाठी हा संघ किती आपला आहे? टीव्हीवर बघण्यापुरता, की त्यात जाण्याइतका?

राज्य झालं नाही, संघ झाला

महाराष्ट्र एक राज्य आहे, पण रणजीत त्याचे तीन संघ खेळतात. मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. असं का, हा प्रश्न शाळेत कुणी सांगत नाही, म्हणून इथं सांगतो.

रणजी स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली तेव्हा आपला भाग ‘मध्य प्रांत आणि वऱ्हाड’ या प्रांतात होता आणि राजधानी होती नागपूर. त्या प्रांताचा स्वतःचा संघ होता. स्वातंत्र्यानंतर प्रांताचं नाव मध्य प्रदेश झालं, राजधानी नागपूरच राहिली. १९५५ मध्ये फाजल अली आयोगाने वेगळं विदर्भ राज्य करावं अशी शिफारस केली. ती मानली गेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. नागपूरची राजधानी गेली.

या सगळ्या उलथापालथीत एक गोष्ट मात्र वेगळी राहिली. १९५७-५८ च्या मोसमात ‘विदर्भ’ या नावाचा संघ रणजीत उतरला आणि आजही तो उतरतो. राज्य कागदावरच राहिलं, संघ मैदानात आला. त्या जुन्या प्रांताची खूण अजून एका ठिकाणी दिसते. दुलीप करंडकात मुंबई आणि महाराष्ट्राचे खेळाडू पश्चिम विभागाकडून खेळतात, विदर्भाचे मात्र मध्य विभागाकडून. सप्टेंबर २०२५ मध्ये मध्य विभागाने दुलीप करंडक जिंकला, त्या अंतिम सामन्यात विदर्भाच्या यश राठोडने १९४ धावा केल्या. मराठी बोलणारा पोरगा मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, राजस्थानच्या पोरांबरोबर एका संघात का, याचं उत्तर सत्तर वर्षांपूर्वीच्या नकाशात आहे.

आणि हा वेगळा संघ आपोआप टिकला असंही समजू नका. २०१६ मध्ये लोढा समितीच्या शिफारशींवरून सर्वोच्च न्यायालयाने ‘एक राज्य, एक मत’ हे तत्त्व मान्य केलं. म्हणजे बीसीसीआयमध्ये मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ यांनी एकच मत आळीपाळीने वापरायचं. विदर्भासारख्या संघटनांनी आपला वेगळा इतिहास आणि वेगळा भाग पुढं केला. ९ ऑगस्ट २०१८ ला न्यायालयाने तो आदेश बदलला आणि विदर्भाला पूर्ण सदस्यत्व परत मिळालं. हा युक्तिवाद लक्षात ठेवा. पुढं आपल्याला तोच लागणार आहे.

मैदान मोठं, संघ लहान

नागपूर क्रिकेटच्या नकाशावर फार आधीपासून आहे. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांचा जन्म नागपूरचा, १८९५ चा. पण त्यांची कारकीर्द फुलली ती इंदूरला, होळकरांच्या आश्रयाने. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या मैदानावर ऑक्टोबर १९६९ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध कसोटी झाली. त्याच मैदानावर ३१ ऑक्टोबर १९८७ ला विश्वचषकाच्या सामन्यात चेतन शर्माने हॅट्‌ट्रिक घेतली आणि सुनील गावसकरांनी एकदिवसीय क्रिकेटमधलं आपलं एकमेव शतक काढलं. समोर न्यूझीलंडच होता.

या सगळ्या आठवणी आपल्या मैदानाच्या आहेत, आपल्या संघाच्या नाहीत. पराक्रम बाहेरचे येऊन करून जायचे. विदर्भाचा संघ वर्षानुवर्षं साखळीतच बाद व्हायचा, पुढं बराच काळ खालच्या प्लेट गटात राहिला. १९५७ पासून साठ वर्षं एकदाही रणजीची अंतिम फेरी नाही. विदर्भाकडून खेळणारा पहिला कसोटीपटू मिळायला २०११ साल उजाडलं. तो उमेश यादव, खापरखेड्याजवळच्या वलनी इथल्या कोळसा खाणीच्या वसाहतीत वाढलेला.

मग बदललं काय? पोरांच्या अंगात अचानक गुण आले असं नाही. बदलली ती व्यवस्था. जामठ्याला नवं स्टेडियम झालं, २००८ मध्ये तिथं ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिली कसोटी झाली. पण स्टेडियमपेक्षा महत्त्वाचं म्हणजे विदर्भ क्रिकेट असोसिएशनने निवासी अकादमी उभी केली. पोरांना राहायला जागा, खायला नीट जेवण, वर्षभर सराव. नियमाने बाहेरचे तीन व्यावसायिक खेळाडू घेता येतात, त्या जागा नीट वापरल्या. वसीम जाफर मुंबईतून आला, गणेश सतीश कर्नाटकातून. २०१७ मध्ये चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले आणि शिस्त म्हणजे काय ते दाखवलं.

त्याच मोसमात चमत्कार झाल्यासारखं झालं. उपांत्य फेरीत ईडन गार्डन्सवर कर्नाटकला अवघ्या पाच धावांनी हरवलं. अंतिम फेरीत दिल्लीविरुद्ध सिव्हिल इंजिनीअर असलेल्या रजनीश गुरबानीने हॅट्‌ट्रिक घेतली, यष्टिरक्षक अक्षय वाडकरने शतक काढलं आणि १ जानेवारी २०१८ ला इंदूरमध्ये फैज फजलच्या हातात करंडक आला. पुढच्याच वर्षी जामठ्यात सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून तो राखला. त्या सामन्यात आदित्य सरवटेने ११ बळी घेतले आणि दोन्ही डावांत चेतेश्वर पुजाराला बाद केलं.

साठ वर्षं विदर्भात गुणी पोरं नव्हती का? होती. त्यांच्यासाठी रस्ता नव्हता. रस्ता बांधला आणि दोन-तीन मोसमांत नव्हे, पण दहा वर्षांत निकाल दिसला. हे एक वाक्य गोंदियासाठी जपून ठेवा.

राजाचा संघ, मालकाचा संघ

संघ कुणाच्या जिवावर उभा असतो, यावर तो किती टिकणार ते ठरतं. दोन-तीन उदाहरणं पाहू.

पहिलं, राजाचा संघ. इंदूरच्या होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी जिंकली. नायडूंसारखे खेळाडू महाराजांनी पदरी ठेवले होते. संस्थान विलीन झालं आणि पुढच्या काही वर्षांत संघही संपला. एवढा बलाढ्य संघ, पण आश्रय गेला आणि नाव उरलं ते फक्त स्टेडियमला.

दुसरं, मालकाचा संघ. पुण्याचं आठवतं का? आयपीएलमध्ये २०११ ते २०१३ पुणे वॉरियर्स होते. मग २०१६ आणि २०१७ मध्ये रायझिंग पुणे. २०१७ च्या अंतिम सामन्यात ते मुंबईकडून एका धावेने हरले आणि त्यानंतर दिसलेच नाहीत. पुण्यासारखं शहर, पैसा, प्रेक्षक सगळं असूनही संघ दोनदा आला आणि दोनदा गेला. कारण तो पुण्याचा नव्हताच, पुण्याचं नाव वापरणाऱ्या कंपनीचा होता.

अमेरिकेत तर ही रीतच आहे. तिथं संघ मालकाची मालमत्ता असतो, परवडलं नाही की मालक दुसऱ्या शहरात घेऊन जातो. मार्च १९८४ मध्ये बाल्टिमोर शहराचा कोल्ट्स हा फुटबॉल संघ एका रात्रीत गेला. सामान हलवणाऱ्या कंपनीचे ट्रक आले, रातोरात सगळं भरलं आणि संघ इंडियानापोलिसला. सकाळी शहर उठलं तर संघ नाही. सिएटलचा बास्केटबॉल संघ ४१ वर्षांनी, २००८ मध्ये असाच ओक्लाहोमा सिटीला गेला. २०२५ मध्ये तो तिथून विजेता झाला. सिएटलच्या लोकांनी टीव्हीवर बघितलं.

गोंदियाएवढं गाव, स्वतःचा संघ

आता याच अमेरिकेतलं उलटं उदाहरण. विस्कॉन्सिन राज्यात ग्रीन बे नावाचं शहर आहे. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे एक लाख सात हजार. आपल्या गोंदिया शहराची २०११ ची लोकसंख्या एक लाख बत्तीस हजारांवर होती. म्हणजे ग्रीन बे गोंदियापेक्षा लहान. आणि तिथं अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या फुटबॉल लीगचा संघ आहे, ग्रीन बे पॅकर्स. त्या लीगची अजिंक्यपदं त्याने तेरा वेळा मिळवली. इतकी दुसऱ्या कुठल्याच संघाकडे नाहीत.

१९१९ मध्ये गावातल्या पोरांनी संघ काढला. जर्सीसाठी पैसे दिले तिथल्या मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीने, म्हणून नाव ‘पॅकर्स’. आपल्याकडे एखाद्या राइस मिलने पोरांना टीशर्ट छापून द्यावेत आणि संघाचं नाव ‘मिलर्स’ पडावं, तसं. दोन-चार वर्षांत पैसे संपले. तेव्हा, १९२३ मध्ये, गावाने एक गोष्ट केली. संघाचे शेअर लोकांना विकले. या शेअरवर नफा मिळत नाही. तरी लोक घेत राहिले. आज पाच लाखांहून जास्त लोक त्या संघाचे भागधारक आहेत. कुणी एक मालक नसल्याने तो संघ रात्री ट्रकमध्ये भरून नेणारं कुणी नाही.

अमेरिका लांब वाटत असेल तर जवळचं घ्या. गोंदियाहून रायपूरकडे जाणाऱ्या गाडीत बसा. आमगाव, सालेकसा, दरेकसा, डोंगरगड आणि मग राजनांदगाव. हे शहरही आपल्याच मापाचं, पण हॉकीची नर्सरी म्हणून ओळखलं जातं. एकेकाळी संस्थान होतं. तिथल्या महंत राजा सर्वेश्वरदास यांच्या नावाने अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरते. इंदूरसारखं इथंही संस्थान गेलं, पण खेळ गेला नाही. कारण शहराने स्पर्धा स्वतःची मानली आणि चालू ठेवली. दरवर्षी देशभरचे संघ बघत वाढलेली पोरं हातात स्टिक घेणारच.

होळकर आणि राजनांदगाव, पुणे आणि ग्रीन बे. चारही ठिकाणी खेळाडू होते, पैसाही होता. फरक इतकाच की दोन ठिकाणी संघाची चावी एका हातात होती आणि दोन ठिकाणी गावाच्या हातात.

विदर्भाचा संघ कुणाचा?

तो राजाचा नाही आणि मालकाचाही नाही. तो संघटनेचा आहे. ही त्याची ताकद. म्हणूनच सत्तर वर्षं होत आली तरी तो आहे, हरत होता तेव्हाही होता. पण संघटना नागपुरात, स्टेडियम नागपुरात, अकादमी नागपुरात, क्लबची मुख्य लीग नागपुरात. २०२५ च्या जूनमध्ये विदर्भ प्रो टी-२० लीग सुरू झाली, तिचे सामनेही जामठ्यात.

बाहेरच्या गावांतून कुणी आलंच नाही असं मात्र नाही. दोन्ही हातांनी फिरकी टाकणारा अक्षय कर्णेवार यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याचा. अथर्व तायडे आणि आदित्य ठाकरे अकोल्याचे. जितेश शर्मा अमरावतीचा. दर्शन नळकांडे वर्ध्याचा. पोरींमध्ये भारती फुलमाळी अमरावतीची, ती २०१९ मध्ये भारताकडून टी-२० खेळली. आता हा नकाशा डोळ्यांसमोर आणा. वर्धा, अमरावती, अकोला, यवतमाळ. रेषा नागपूरपासून पश्चिमेला आणि दक्षिणेला जातात. पूर्वेला भंडारा, गोंदिया, गडचिरोली आहेत.

याचं कारण धानाच्या पट्ट्यातल्या पोरांना खेळ येत नाही, हे असू शकत नाही. दिवाळीनंतरच्या मंडईत आणि त्यानंतरच्या गावोगावच्या रात्रकालीन कबड्डी स्पर्धांत एकदा जाऊन बघा. धान कापून झालं की मोकळ्या बांधीत स्टम्प रोवले जातात. जानेवारी ते मार्च या काळात टेनिस बॉलचे इतके ‘चषक’ होतात की तारखा मिळत नाहीत. खेळ आहे, गर्दी आहे, बक्षिसाची रोख रक्कमही आहे. अडतं ते तीन ठिकाणी.

एक, चेंडू. टेनिस बॉलवर षटकार मारणारा पोरगा सीझन बॉलसमोर पहिल्यांदा उभा राहतो तेव्हा त्याला नवा खेळ शिकावा लागतो. चेंडू स्विंग होतो, अंगावर येतो, पॅड-हेल्मेट लागतं. त्यासाठी मॅटिंग किंवा टर्फ विकेट हवी, रोलर हवा, रोज पाणी मारणारा माणूस हवा. अकोल्या-अमरावतीत क्लब आणि मैदानांची जुनी परंपरा आहे. आपल्याकडे बहुतेक पोरांची गाठ सीझन बॉलशी पडते तोवर वय निघून गेलेलं असतं.

दोन, कॅलेंडर. आपला क्रिकेटचा मोसम धान घरी आल्यावर सुरू होतो. देशातल्या एकोणीस वर्षांखालच्या मोठ्या स्पर्धा मात्र त्याआधीच, ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून सुरू होतात. म्हणजे निवड त्याच्याही आधी, उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात. जेव्हा आपल्या बांधीत रोवणी चाललेली असते आणि अर्धी पोरं चिखलात असतात, तेव्हा तिकडे संघ ठरत असतो.

तीन, अंतर. गोंदिया ते नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. ऐकायला कमी वाटतं. पण देवरीत तर रेल्वेच नाही. सकाळच्या चाचणीला पोहोचायचं तर आदल्या दिवशी निघा, मुक्काम शोधा, किटची बॅग सांभाळा. सोबत बाप आला तर त्याची दोन दिवसांची मजुरी गेली. पोरगी असेल तर घरातून ‘कोण नेईल?’ या एकाच प्रश्नावर विषय संपतो. नागपूरच्या पोराला हीच चाचणी सायकलवर जमते. दोघांची निवड एकाच कसोटीवर होते, पण दोघं सारखे तिथवर पोहोचत नाहीत.

नागपूरवाल्यांचं म्हणणंही ऐकू

यावर एक उत्तर मिळेल आणि ते फेकून देण्यासारखं नाही. पैसा आणि प्रशिक्षक मोजके असतात, ते अकरा जिल्ह्यांत वाटले तर कुठंच काही उभं राहत नाही. विदर्भ जिंकला तो सगळं एका जागी आणल्यामुळेच. गुणी पोरगा असेल तर अकादमीत येईलच की.

पहिल्या टप्प्यासाठी हे खरं आहे. तेव्हा सगळं वाटलं असतं तर २०१८ चा करंडक कदाचित दिसला नसता. पण आता तीन करंडक आहेत आणि प्रश्न टिकण्याचा आहे. तयार खेळाडू जातात. २०१९ च्या विजयाचा नायक सरवटे २०२५ च्या अंतिम सामन्यात केरळकडून खेळत होता, आणि विदर्भाविरुद्ध ७९ धावा करून गेला. शतक ठोकणारा करुण नायर पुढच्या मोसमात परत कर्नाटकात गेला. व्यावसायिक खेळाडूंचं हे चालायचंच. अशा वेळी मागून येणाऱ्या पोरांची रांग लांब असावी लागते, आणि अकरा जिल्ह्यांतल्या सगळ्यांना त्या रांगेत उभं राहता आलं तर ती लांब होईल.

आणि न्यायाचं म्हणाल तर तो युक्तिवाद नागपूरनेच आपल्याला शिकवला आहे. आमचा भाग वेगळा, आमचं अंतर वेगळं, आम्हाला मुंबई-पुण्याच्या गर्दीत बसवू नका, असं विदर्भ सांगत आला. तो न्याय नागपूरला लागू होतो, तर गोंदियाला का नाही? आपला जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यापासून वेगळा झाला, तोही याच कारणासाठी. कार्यालय जवळ असावं म्हणून. मग निवड चाचणी जवळ का नसावी?

मग काय मागायचं, काय करायचं?

नुसती तक्रार करून हात झटकू नका. यातलं काही मागायचं आहे, काही आपल्यालाच करायचं आहे.

वर्षातून किमान एक निवड चाचणी गोंदियात व्हावी आणि निवडकर्त्यांनी इथं यावं, ही पहिली मागणी. तीन निवडकर्त्यांनी १३० किलोमीटर येणं हे तीनशे पोरांनी जाण्यापेक्षा स्वस्त आहे. चाचणीच्या तारखा महिनाभर आधी शाळा-कॉलेजांत लागल्या पाहिजेत. ओळखीच्या ग्रुपवर आदल्या रात्री मेसेज येणं म्हणजे जाहीर करणं नव्हे. मुलींची चाचणी त्याच दिवशी, त्याच मैदानावर ठेवली तर घरच्यांचा प्रश्न अर्धा सुटतो.

दुसरं, सीझन बॉलची तालुका लीग. जिल्ह्यात आठ तालुके आहेत. आठ संघ, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं, तर २८ सामने होतात. चार मैदानांवर दर रविवारी चार सामने लावले तर सात रविवारांत लीग पूर्ण. सिमेंटच्या पट्टीवर काथ्याची मॅट अंथरली तरी सुरुवातीला चालतं. मोठं स्टेडियम लागत नाही. तालुका क्रीडा संकुलं कागदावर तरी सगळीकडे आहेत, ती किती उघडी असतात ते विचारा.

तिसरं, चषकाचा पैसा. आपल्याकडच्या टेनिस बॉल स्पर्धा चालतात देणगीदारांवर. राइस मिलवाले, ठेकेदार, नेतेमंडळी. पहिल्या बक्षिसाचा थोडा हिस्सा बाजूला काढून तालुक्याच्या संघासाठी एक किट घेतलं, तर पुढच्या पाच बॅचेस त्यावर खेळतात. ग्रीन बेच्या लोकांनी वेगळं काही केलं नव्हतं. संघ बुडायला आला तेव्हा थोडे थोडे पैसे घातले आणि हिशेब उघडा ठेवला.

चौथं, फक्त क्रिकेटमध्ये अडकू नका. कबड्डी आणि खो-खोमध्येही विदर्भाची वेगळी संघटना आहे आणि राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा वेगळा संघ उतरतो. म्हणजे अर्जुनीच्या पोराला राष्ट्रीय पातळीवर जायला सांगली-पुण्याच्या गर्दीतून वाट काढावी लागत नाही. शालेय स्पर्धांचा रस्ता मात्र निराळा आहे. तालुका, जिल्हा, मग नागपूर विभाग आणि तिथून राज्य. तिथं संघ महाराष्ट्राचाच. हे दोन रस्ते वेगळे आहेत, हे आधी समजून घ्या आणि कुठला धरायचा ते ठरवा.

इथंच एक सावधगिरी. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, म्हणून प्रमाणपत्राला किंमत आहे. आणि किंमत आहे म्हणूनच राज्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं उघडकीला आली. पैसे घेऊन ‘नॅशनल’ खेळवणाऱ्यांपासून दूर राहा. संघटना मान्यताप्राप्त आहे का, हे आधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा. नोकरीच्या वेळी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय उपसंचालकांकडे होते, तिथं अडकलात तर खेळलेली वर्षंही उपयोगाला येणार नाहीत.

शेवटचं काम सगळ्यांत स्वस्त आहे, एक वही लागते. तुमच्या गावात कुठले संघ होते? मंडळाचा कबड्डी संघ कधी निघाला, कुणी कुठं जिंकलं, कुठला बंद पडला आणि का? रेल्वे कॉलनीत कोण खेळायचं? मुलींचा संघ कधी होता का? ज्यांना हे माहीत आहे ती माणसं आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्याकडे जा, विचारा, तारखा लिहून घ्या, जुने फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. यंदाच्या स्पर्धांची स्कोअरशीटही फेकू नका, नीट जपा. विदर्भाने न्यायालयात आपलं वेगळेपण सांगितलं तेव्हा त्याच्यामागे साठ वर्षांच्या सामन्यांची नोंद उभी होती. आपल्याकडे तशी नोंद नसेल तर मागणी घेऊन गेल्यावर समोरचा पहिला प्रश्न हाच विचारेल, तुमच्याकडे खेळतं कोण? त्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहिलेलं असू द्या.